आधी भिंत, मग कागद

घराच्या भिंतीला वॉलपेपर कसा लावावा, याचे तयार उत्तर आज कोणत्याही दुकानात मिळते. भिंत घासा, प्रायमर मारा, पट्टी कापा, खळ लावा, वरून खाली चिकटवत या आणि कडा ब्लेडने छाटा. यातले काहीच चुकीचे नाही. पण ही कृती ज्या देशांत घडत गेली तिथल्या भिंतींना चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि बारमाही खारी हवा ठाऊक नाही. उरण तालुक्याच्या खाडीकाठावर, न्हावा-शेव्याच्या परिसरात हेच उत्तर अपुरे पडते. इथे वॉलपेपर टिकणार की सुटणार, हे बहुतेक वेळा खळीचा डबा उघडण्याआधीच ठरलेले असते. कोणती भिंत निवडली, ती कोणत्या महिन्यात झाकली आणि झाकणारा कागद भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो की अडवून धरतो, या तीन निर्णयांवर सगळे अवलंबून आहे. त्यात चूक झाली तर कितीही सफाईदार हात ती भरून काढू शकत नाही. म्हणून हा आढावा कापण्या-चिकटवण्यापासून नव्हे, तर भिंतीपासून सुरू करणे भाग आहे.

हा प्रश्न आत्ताच विचारण्याला कारण आहे. न्हावा आणि शेवा ही मूळची मासेमारी, भातशेती आणि मिठागरांच्या टापूतली गावे. २६ मे १९८९ रोजी इथले जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि दोन गावांचे जोडनाव जगभरच्या जहाजांच्या कागदपत्रांत गेले. त्याआधी सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४च्या जानेवारीत जासई-दास्तान परिसरात झालेला लढा आणि त्यातून पुढे आलेली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना यांनी इथल्या घरांचा चेहरा बदलला. गावठाणातल्या कौलारू घरांशेजारी चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या, उलवे आणि द्रोणागिरीत उंच टॉवर आले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून या भागात नव्याने घर घेणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. म्हणजे इथे दोन तऱ्हेच्या भिंती सजवल्या जात आहेत. एक, अजून पुरती न वाळलेली नव्या गिलाव्याची. दुसरी, पंचवीस-तीस पावसाळे सोसलेली जुनी. दोन्हींची अडचण वेगळी असली तरी मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी.

या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण भिंतीचे नुकसान फक्त पावसाने होत नाही. समुद्रावरून येणारा वारा क्षार घेऊन येतो, तो बाहेरच्या गिलाव्यात मुरतो. बांधकामात कधीकाळी खाडीची वाळू नीट न धुता वापरली असेल तर मीठ भिंतीच्या आतच बसलेले असते. साध्या मिठाचा एक गुणधर्म इथे निर्णायक ठरतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी शोषून स्वतः विरघळू लागते. समुद्राच्या क्षारात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागते. म्हणून लोणा लागलेली भिंत छत गळत नसताना, नळ फुटलेला नसताना पावसाळ्यात आपोआप दमट होते. पुढे हिवाळ्यात हवा कोरडी झाली की तेच मीठ पुन्हा खडे धरते, आणि खडे धरताना गिलाव्याचा पृष्ठभाग फोडते. पोपडे निघतात ते असे. त्या पृष्ठभागावर कागद चिकटवलेला असेल तर पोपडा कागदासकट निघतो. खळ चांगली होती की वाईट, हा प्रश्न तिथे उरतच नाही. खळीने ज्याला धरले होते तोच थर भिंतीपासून सुटलेला असतो.

पाण्याच्या पाठोपाठ वाळवी येते. बंदरासाठी विस्थापित झालेल्या शेवा कोळीवाड्यातल्या अडीचशेहून अधिक कुटुंबांचे पुनर्वसन उरणजवळ बोरीपाखाडी इथे झाले. हनुमान कोळीवाडा या नावाने ओळखली जाणारी ही वस्ती गेली कित्येक वर्षे वाळवीशी झुंजते आहे. घरांचे लाकूड, कपाटे, कागदपत्रे वाळवीने खाल्ली, घरे मोडकळीला आली आणि पुन्हा पुनर्वसनाची मागणी करत गावकऱ्यांना आंदोलने करावी लागली. वॉलपेपरच्या चर्चेत ही वस्ती आणण्याचे कारण सजावटीपेक्षा फार मोठे आहे, याचे भान ठेवूनच तिचा उल्लेख करायला हवा. तिथला प्रश्न न्यायाचा आहे. पण त्या अनुभवातून सबंध परिसराला एक शास्त्रीय धडाही मिळतो. जमिनीतली वाळवी ओलावा आणि सेल्युलोज या दोन गोष्टींच्या शोधात मातीच्या नळ्या बांधत भिंतीवर चढते. कागद म्हणजे सेल्युलोजच, आणि पिठाची खळ म्हणजे कसर आणि झुरळांचेही अन्न. जमिनीला टेकलेल्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर कागद लावणे म्हणजे वाळवीला झाकलेला, अंधारा रस्ता करून देणे. इमारत बांधताना आणि बांधल्यानंतर करायच्या वाळवी-प्रतिबंधक उपचारांसाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे. तळमजल्यावर किंवा बैठ्या घरात हा उपचार झालेला नसेल, तर वॉलपेपरचा विचार तिथेच थांबवावा.

कोकणातल्या जुन्या घरांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला होता. मातीची भिंत सारवली जाई, दगडी किंवा विटांची भिंत चुन्याने रंगवली जाई, आणि दोन्ही थर सणासुदीला पुन्हा दिले जात. ठाणे-पालघरच्या वारली घरांत गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चित्रे काढली जात, तीही लग्नकार्यासाठी. कायम टिकावीत हा त्यांचा हेतूच नव्हता. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे टिकली, पण ती घाटावरच्या तुलनेने कोरड्या हवेत. किनाऱ्यावरच्या सजावटीची रीत अशी होती की भिंतीला श्वास घेऊ द्यायचा आणि वरचा थर स्वस्त, सहज नव्याने देता येईल असा ठेवायचा. चुना दोन कामे करी. भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडे, आणि त्याच्या तीव्र अल्कधर्मी गुणामुळे बुरशीला थारा मिळत नसे. आज कोणी चुन्याकडे परत जावे असे सुचवायचे नाही. पण त्या पद्धतीतले तत्त्व, म्हणजे बाष्प जाऊ देणारा आणि बदलता येणारा थर, वॉलपेपर निवडतानाही तितकेच लागू पडते.

बाजारात मिळणारे प्रकार या कसोटीवर लावून पाहिले तर चित्र बरेच स्पष्ट होते. निव्वळ कागदाचा वॉलपेपर बाष्प जाऊ देतो, पण खळीने भिजल्यावर पसरतो, वाळताना आकसतो आणि दमट हवेत लवकर डागाळतो. नॉन-वोव्हन प्रकारात सेल्युलोज आणि कृत्रिम तंतू एकत्र दाबलेले असतात. तो भिजला तरी फारसा पसरत नाही, खळ थेट भिंतीला लावता येते, वाफही बऱ्यापैकी जाऊ देतो आणि पुढे काढायची वेळ आली तर बहुधा सबंध पट्टी निघते. विनाइल वॉलपेपरमध्ये कागदाच्या किंवा नॉन-वोव्हनच्या पाठीवर पीव्हीसीचा थर असतो. जगभरच्या सीमाशुल्क वर्गीकरणात वॉलपेपरसाठी ४८१४ हा शीर्षक क्रमांक आहे आणि त्यातही प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदासाठी ४८१४२० हा स्वतंत्र उपक्रमांक आहे. न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरणाऱ्या मालाच्या कागदपत्रांत जो भेद आवर्जून नोंदला जातो, तो दुकानात मात्र गिऱ्हाइकाला क्वचितच समजावून सांगितला जातो. चौथा प्रकार स्टिकरसारखा सोलून चिकटवायचा. तो सोपा वाटतो, पण बहुतेकदा प्लास्टिकचाच असतो आणि त्याच्या गोंदाला गुळगुळीत, धूळविरहित, पूर्ण कोरडी भिंत लागते. पाचवा म्हणजे गवत, ताग किंवा कापडाचे आवरण. ते देखणे असते, पण ओल आणि कीड दोन्ही धरते, म्हणून या किनाऱ्यावर त्याची शिफारस करता येत नाही.

इथे पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप येतो. दमट हवेत तर विनाइलच हवा, कारण तो पाण्याने खराब होत नाही, पुसता येतो, असे विक्रेते सांगतात. पुसता येतो हे खरे आहे, आणि लहान मुलांच्या घरात तो मोठाच गुण आहे. पण पाणी खोलीच्या बाजूने येते, असे या युक्तिवादात गृहीत धरलेले असते. या किनाऱ्यावर ते भिंतीच्या बाजूने येते. पावसाळ्यात बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल तर तिचा दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. आत वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर लावलेले असते. बाहेरची वाफ भिंतीतून आत सरकते, विनाइलच्या थंड, अभेद्य पाठीला अडते आणि तिथेच पाणी होते. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या दमट राज्यांत वातानुकूलित हॉटेलांच्या विनाइलखाली बुरशीने भिंती काळ्या पडल्याची प्रकरणे मोठ्या संख्येने पुढे आली, आणि उष्ण-दमट हवामानात बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगाला विनाइल लावू नये हा इमारतशास्त्रातला रूढ सल्ला झाला. बंदरात काम करणाऱ्यांना हे भौतिकशास्त्र परके नाही. बंद कंटेनरचे छत रात्री थंड झाले की मालातली आणि लाकडी पॅलेटमधली वाफ छताला पाणी होऊन ठिबकते, म्हणून कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. कंटेनर निदान काही आठवड्यांत उघडतो. विनाइलमागची भिंत वर्षानुवर्षे बंद राहते. आत यंत्र लावले की खोली कोरडी होते, मग भीती कसली, हा पुढचा आक्षेपही याच हिशेबात उत्तरतो. यंत्राने खोलीतली हवा कोरडी होते हे खरे, पण त्याच यंत्राने भिंतीचा आतला पृष्ठभाग थंड होतो आणि बाहेरची वाफ अधिक जोराने आत ओढली जाते.

दुसरा आक्षेप असा की कोरियात घरोघरी वॉलपेपर असतो, तिथेही पावसाळा आहे, आणि आपल्याकडे मिळणारे अनेक रोल तिथलेच आहेत. तुलना रास्त आहे, पण ती पुरी करायला हवी. कोरियातला मुख्य पावसाळी काळ साधारण जूनअखेर ते जुलैअखेर असा असतो, हिवाळा कोरडा आणि थंड असतो, आणि त्या हिवाळ्यात जमिनीखालून घर तापवण्याची त्यांची जुनी रीत आहे. म्हणजे तिथली भिंत दरवर्षी महिनोन्‌महिने आतून वाळवली जाते. शिवाय तिथले कारागीर आधी अस्तराचा कागद लावतात आणि वरचा कागद कित्येकदा फक्त कडांना पक्का चिकटवतात, त्यामुळे भिंतीचे छोटे दोष वर दिसत नाहीत. रोल आपण आयात केला. त्यामागची वाळवण्याची सोय आणि अस्तराची शिस्त आयात केली नाही. कोरियाचे उदाहरण वॉलपेपरच्या विरोधात जात नाही, पण कागदाआधी भिंतीची सोय लावावी लागते याचा ते पुरावा देते.

ओल आणि कागद यांच्या संगतीत आरोग्याचा भाग आहे, आणि तो जुना आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात शीलेच्या हिरव्या रंगासारखी आर्सेनिकयुक्त रंगद्रव्ये वॉलपेपरवर सर्रास वापरली जात. दमट खोल्यांत राहणारे लोक आजारी पडत. इटालियन संशोधक बार्तोलोमेओ गोसिओ याने १८९०च्या दशकात दाखवले की कागदावर वाढणारी बुरशी या रंगद्रव्यातून विषारी वायू तयार करू शकते. आर्सेनिक कधीच गेले, पण बुरशी राहिली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ साली शाळा आणि व्यापारी इमारतींतल्या बुरशीबद्दल मार्गदर्शिका काढली, तिच्यात वॉलपेपरमागे दडलेल्या बुरशीचा स्वतंत्र इशारा आहे. असा कागद अविचाराने ओढून काढला तर बीजाणूंचा लोट खोलीभर पसरतो. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या माणसाच्या खोलीत संशयास्पद भिंत झाकणे म्हणूनच अक्षम्य आहे. रंगावर उमटलेली बुरशी डोळ्यांना दिसते आणि पुसता येते. कागदामागची बुरशी वास येईपर्यंत कळत नाही.

एवढे ऐकल्यावर रंगारी लोकांचा सरळ निष्कर्ष पटू लागतो: किनाऱ्यावर वॉलपेपर नकोच, रंगच द्या. या मताला अनुभवाचे वजन आहे आणि बाहेरच्या भिंतींपुरते ते मान्यच करायला हवे. पण सरसकट मान्य करता येत नाही. घरातल्या सगळ्या भिंती सारख्या नसतात. दोन खोल्यांमधली, वरच्या मजल्यावरची, न्हाणीघराला किंवा स्वयंपाकघराच्या मोरीला न टेकलेली आतली भिंत दोन्ही बाजूंनी घरातल्याच हवेत असते. तिला पाऊस लागत नाही, वारा क्षार आणत नाही, आणि दोन्ही बाजूंचे तापमान जवळजवळ सारखे असल्याने वाफ कुठल्याच बाजूला साचत नाही. अशी एक भिंत बहुतेक घरांत असते. शिवाय रंगकामात खडबडीत गिलावा लपत नाही, दर काही वर्षांनी सगळी खोली रिकामी करावी लागते, आणि नक्षी हवी असेल तर ती रंगाने देणे महाग पडते. तेव्हा प्रश्न कागद की रंग असा न ठेवता कोणती भिंत कागदाच्या लायकीची आहे, असा ठेवला पाहिजे. अख्खे घर कागदाने मढवण्याचा हट्ट सोडला की वाद बराचसा मिटतो.

ती भिंत ओळखण्याची वेळ पावसाळा हीच आहे. ऑगस्टमध्ये, हवा सर्वांत दमट असताना, भिंतीवर डाग उमटतो का, हात लावल्यावर ती गार-ओलसर लागते का, फर्निचरमागे कुबट वास येतो का, स्कर्टिंगच्या वर पांढरा क्षार फुटतो का, हे पाहावे. साधी चाचणी अशी की दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट लावावे आणि किमान १६ तासांनी उघडावे. काँक्रीटची ओल तपासण्याची हीच रीत अमेरिकी मानकातही आहे. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले तर ते भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीची हवा दमट आहे. ओल मोजण्याचे छोटे यंत्र मिळते, पण भिंतीत क्षार असतील तर ते प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबू नये. नव्या इमारतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. सिमेंटचा ताजा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यातले पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. त्यामुळे उलवे-द्रोणागिरीत ताबा मिळाल्याबरोबर कागद लावण्याची घाई रंग फिका पाडते आणि खळ कमजोर करते. नव्या भिंतीने एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा पाहिला की मगच तिचा स्वभाव कळतो.

दोष सापडला तर तो बाहेरून दुरुस्त करावा लागतो. भेगा, गच्ची, खिडकीचा छज्जा, पाइपांचे सांधे, बाहेरचा रंग हे क्रमाने पाहावे. आतून वॉटरप्रूफ लेप मारून वर कागद लावण्याचा मार्ग झटपट वाटतो, पण अडवलेले पाणी शेजारच्या भागातून वाट काढते आणि त्याच्याबरोबर मीठही. पोपडे धरलेला गिलावा खरवडून काढावा, क्षार कोरड्या ब्रशने झाडावा. ओल्या फडक्याने पुसल्यास तो पुन्हा आत जातो. चुना किंवा भुकटी सुटणारे डिस्टेंपर पूर्ण खरवडायलाच हवे, कारण खळ त्या भुकटीला धरते, भिंतीला नाही. तेलरंग असेल तर पॉलिशपेपरने त्याची चकाकी मोडावी. सपाटीसाठी प्लास्टर ऑफ पॅरिसपेक्षा पांढऱ्या सिमेंटची पुट्टी या हवेत अधिक भरवशाची, कारण प्लास्टर ऑफ पॅरिस ओल धरून मऊ पडते. मग प्रायमर, आणि तो पुरता वाळू द्यायचा. हे सारे काम डिसेंबरनंतरच करावे. गणपतीआधी घर सजवण्याची ओढ समजण्यासारखी आहे, पण श्रावण-भाद्रपदात लावलेला कागद सर्वांत ओल्या भिंतीला सर्वांत दमट हवेत बंद करतो. जानेवारी ते मार्च हा या किनाऱ्यावरचा योग्य काळ. पुढच्या गणपतीला तीच भिंत सजलेली असेल आणि तिची परीक्षाही झालेली असेल.

रोल किती घ्यायचे, हा हिशेब बहुतेक जण चौरस फुटांवर करतात आणि फसतात. युरोपीय मापाचा रोल ०.५३ मीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब, म्हणजे सुमारे ५७ चौरस फूट. कोरियन रोल बहुधा १.०६ मीटर रुंद आणि १५.६ मीटर लांब. १२ फूट रुंद आणि ९ फूट उंच भिंत १०८ चौरस फुटांची, म्हणजे युरोपीय मापाचे दोन रोल पुरतील असे वाटते. पण कागद पट्ट्यांनी लागतो. ३.६६ मीटर रुंदीला सात पट्ट्या लागतात, छाटणी धरून प्रत्येक पट्टी सुमारे २.८५ मीटर, आणि एका रोलमधून तीनच पट्ट्या निघतात. म्हणून तीन रोल हवेत. नक्षी जुळवायची असेल तर हिशेब आणखी बदलतो. नक्षीची पुनरावृत्ती ६४ सेंटिमीटरची असेल तर प्रत्येक पट्टी त्या पटीत, म्हणजे ३.२० मीटर कापावी लागते. ९ फुटांच्या भिंतीला तरीही रोलमागे तीन पट्ट्या निघतात, पण साडेदहा फुटांच्या भिंतीला ३.८४ मीटरची पट्टी लागते आणि दोनच निघतात. सगळे रोल एकाच लॉट क्रमांकाचे आहेत ना, हे दुकानातच पाहावे. दोन लॉटच्या रंगछटांतला फरक भिंतीवर गेल्यावर लपत नाही. वेष्टनावरच्या लाटांच्या खुणा कागद कितपत धुता येतो ते सांगतात आणि सूर्याची खूण उन्हात रंग किती टिकेल ते सांगते. एक रोल जास्त घेणे इथे उधळपट्टी ठरत नाही. दुरुस्तीची वेळ येण्याची शक्यता या हवेत अधिक आहे.

प्रत्यक्ष लावण्याचे काम, तयारी नीट झाली असेल तर, दोन माणसांना एका दिवसात जमण्यासारखे आहे. खोलीचा एमसीबी बंद करून स्विचबोर्डांची झाकणे काढावीत. पहिली पट्टी कोपऱ्याच्या आधाराने लावू नये, कारण आपल्या इमारतींचे कोपरे बहुधा काटकोनात नसतात. ओळंबा सोडून उभी रेघ मारावी आणि तिच्याशी पट्टी जुळवावी. पहिल्या पट्टीतला दोन मिलिमीटरचा कल सातव्या पट्टीपर्यंत डोळ्यांत भरतो. खळ तयार मिळणारी, सेल्युलोजवर आधारलेली आणि बुरशीरोधक घातलेली घ्यावी. बुकबाइंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालून कीड टाळत आले आहेत, पण भिंतीसाठी पिठाची खळ टाळलेलीच बरी. नॉन-वोव्हनसाठी खळ भिंतीला, रोलरने, एका पट्टीपेक्षा थोड्या जास्त रुंदीवर लावावी. साध्या कागदाला मागून खळ लावून, घडी करून, वेष्टनावर सांगितलेली मिनिटे मुरू द्यावा, म्हणजे तो भिंतीवर जाण्याआधीच पसरून घेतो. पट्टी वरून लावत यावी, मधून कडांकडे ब्रशने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हवा काढावी. सांधे एकमेकांना टेकलेले असावेत, एकावर एक चढवू नयेत. आतल्या कोपऱ्यात पट्टी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वळवून कापावी आणि पुढची नव्या ओळंब्याने सुरू करावी. ब्लेड वारंवार तोडून नवे घ्यावे, बोथट ब्लेड ओला कागद फाडते. बाहेर आलेली खळ लगेच ओल्या स्पंजने पुसावी. आणि त्यानंतरचा एक दिवस पंखा व वातानुकूलन यंत्र बंद ठेवावे. घाईने वाळलेला कागद आकसतो आणि सांधे उघडतात.

ज्यांच्या घरात लायक भिंत सापडत नाही त्यांच्यासाठीही मार्ग आहे, आणि तो जुना आहे. अठराव्या शतकात चीनमधून युरोपच्या हवेल्यांत गेलेले हाताने रंगवलेले कागद अनेकदा थेट भिंतीला चिकटवले जात नसत. लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडावर ते लावत, त्यामुळे भिंत आणि कागद यांच्यामध्ये हवा राही, आणि घर बदलले तर कागद उतरवून नेता येई. त्याच तत्त्वाने आज ॲल्युमिनियमच्या हलक्या चौकटीवर कापड ताणून वॉलपेपर लावता येईल आणि ती चौकट भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून टांगता येईल. वाळवीच्या परिसरात चौकटीला प्लायवूड टाळावे. पावसाळ्यात ती उतरवून भिंत पाहता येते, पुसता येते, वाळवता येते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या बंदरावरच्या किंवा गोदामांतल्या कर्मचाऱ्यांनाही हा मार्ग सोयीचा आहे, कारण बदली झाली की सजावट बरोबर नेता येते.

हा सगळा पुरावा एका दिशेने जातो. न्हावा-शेव्याच्या हवेत वॉलपेपर निषिद्ध नाही, पण तो दोष झाकण्यासाठी वापरायचा नाही. पोपडे, डाग आणि ओल लपवण्यासाठी लावलेला कागद त्या दोषांना अंधार आणि अन्न पुरवतो, आणि घरातल्या माणसांच्या श्वासावर त्याची किंमत वसूल होते. उलट एक निरोगी आतली भिंत निवडून, पावसात तिची पाहणी करून, उन्हाळ्याच्या तोंडावर वाफ जाऊ देणारा नॉन-वोव्हन कागद लावला तर तो अनेक वर्षे चांगला राहू शकतो. ही जबाबदारी फक्त घरमालकाची नाही. दुकानदाराने कागद बाष्प अडवणारा आहे की जाऊ देणारा, हे विचारण्याआधी सांगायला हवे. बांधकाम व्यावसायिकाने ताबा देताना गिलावा कधी झाला आणि वाळवीचा उपचार झाला की नाही, हे लिहून द्यायला हवे. आणि कागद लावायला येणाऱ्या कारागिराने भिंत ओली असेल तर काम परत करण्याचे धैर्य दाखवायला हवे. एवढे झाले तर इथल्या माणसाला सुंदर भिंतीसाठी आपल्या हवेशी भांडावे लागणार नाही.